घारापुरी : लेण्यांपलीकडची वाट

मी लखनौहून बोलतेय. आमच्याकडे गोमती आहे, पण समुद्र नाही. म्हणून मुंबईला गेले की घारापुरीची लाँच पकडतेच. गेटवेपासून साधारण तासाभराचं अंतर. बहुतेक मंडळी पायऱ्या चढतात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. बेटाचा निम्मा इतिहास मात्र झाडीतल्या पायवाटांवर आहे.

पूर्वेच्या टेकडीची वाट घ्या, तिथे गर्दी नसते. वर सीताबाईचं लेणं लागतं. पोर्तुगिजांनी त्याचं चर्च केलं होतं. माथ्यावर विटांचा उंचवटा आहे, तो बौद्ध स्तूप! म्हणजे सहाव्या शतकात शिव कोरला गेला, त्याच्या कितीतरी आधी हे बेट गजबजलेलं होतं. पश्चिमेच्या टेकडीवर तोफा आहेत. आमच्या रेसिडेन्सीच्या भिंतींवर १८५७च्या गोळ्यांच्या खुणा दिसतात, इथे नुसत्या तोफा.

आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी 'एलिफंटा' नाव दिलं, तो बेटावर नाहीच. इंग्रज १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे.

उतरताना मोराबंदर गावातून या. लेणी जागतिक वारसा यादीत गेली १९८७मध्ये. समुद्राखालच्या केबलने गावात वीज आली २०१८मध्ये. मधली एकतीस वर्षं आपण शेवटच्या लाँचने मुंबईच्या दिव्यांकडे परतत होतो आणि गावकरी संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढत होते.