घसरगुंडीखालची जमीन

इंदूर घ्या, बेंगळुरू घ्या, नाहीतर ठाणं. नव्या सोसायटीच्या बागेत घसरगुंडीखाली आता माती दिसत नाही. निळी-लाल, पायाखाली किंचित दबणारी जमीन दिसते. कंत्राटदार तिला 'ईपीडीएम' म्हणतो, आपण 'रबर फ्लोअरिंग' म्हणतो. सोसायटीच्या सभेत तिचा खर्च ऐकून दोन-चार जण हमखास उठतात आणि विचारतात, आम्ही मातीत पडूनच मोठे झालो ना? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात शोधू.

सुरुवात वाळूपासून झाली. जर्मनीत बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले असत. ते डॉक्टर मारी झाक्रझेव्हस्का यांनी पाहिले आणि अमेरिकेत बॉस्टनला कळवलं. १८८५ साली तिथल्या एका संस्थेने गरीब वस्तीत असाच ढीग टाकला. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा इतिहास बहुतेक जण इथूनच मोजतात. तेव्हा वाळू हेच खेळणं होतं आणि उंच असं काही नव्हतं. त्यामुळे पडण्याचा प्रश्नही नव्हता.

मग लोखंड आलं. झोपाळे आले, उंच घसरगुंड्या आल्या. १९२३ मध्ये सेबॅस्टियन हिंटन या वकिलाला 'जंगल जिम'चं पेटंट मिळालं. मूळ कल्पना त्याच्या गणितज्ञ वडिलांची. मुलांना त्रिमिती अंगात भिनावी म्हणून त्यांनी जपानमध्ये बांबूचा सांगाडा उभारला होता! गणित शिकवण्याची ही पद्धत मला तरी फार आवडते.

खेळणी उंच होत गेली तशी खालची जमीन कठीण होत गेली. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस १९३४ साली उद्यानांचे आयुक्त झाले तेव्हा शहरात ११९ क्रीडांगणं होती. १९६० मध्ये ते पायउतार झाले तेव्हा ७७७. एवढी क्रीडांगणं सांभाळायची तर चिखल नको, वाळूत काचा नकोत, झाडायला सोपं हवं. उत्तर एकच, डांबर. यात दुष्टपणा नव्हता, पालिकेची सोय होती. जमीन मुलांसाठी निवडली की झाडणाऱ्यांसाठी, हा प्रश्न मात्र तेव्हापासून सुटलेला नाही.

आता थोडं गणित आपणही करू. २ मीटर उंचीवरून पडलेलं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग शून्यावर यायला जमीन किती दबते, यावर सगळं ठरतं. ५ सेंटीमीटर दबली तर शरीराला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट झटका बसतो. १ सेंटीमीटर दबली तर २०० पट. डांबर तर तेवढंही दबत नाही.

ही गोष्ट आपल्या तालमीतल्या वस्तादांना सूत्र न मांडताही ठाऊक होती. कोल्हापूरच्या आखाड्यात हौद्यातली लाल माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा पुन्हा उकरतात. न उकरलेली माती तुडवून तुडवून फरशीसारखी होते. आपण 'मातीत पडून मोठे झालो' म्हणतो, तेव्हा ती माती कुणीतरी उकरलेली होती की नाही, हे आपण विसरतो.

अमेरिकेत डांबराविरुद्धचा आवाज १९७०च्या दशकात उठला. थिओडोरा ब्रिग्ज स्वीनी या बाईंनी १९७४ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाकडे अर्ज केला की क्रीडांगणांना सुरक्षेचे नियम हवेत. १९७८ मध्ये शिकागोच्या एका उद्यानात एक तान्हं म्हणावं असं मूल १२ फुटी घसरगुंडीवरून थेट डांबरावर डोक्यावर पडलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. खटला वर्षानुवर्षं चालला. १९८५ मध्ये तडजोड झाली ती काही दशलक्ष डॉलरची. मधल्या काळात, १९८१ साली, आयोगाची पहिली मार्गदर्शिका निघाली होती. तिचा सल्ला कायदा नव्हता. पण भरपाईचा आकडा ऐकल्यावर पालिकांनी तो कायद्यासारखाच वाचला.

'मऊ जमीन हवी' असं म्हणणं सोपं, पण मऊ म्हणजे किती? हे माप आलं मोटारींच्या अपघातांतून. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून गुर्जियन आणि लिस्नर हे दोघं कवटी किती आघात सोसते याचा अभ्यास करत होते. देहदान केलेल्या प्रौढांच्या मृतदेहांवर प्रयोग झाले. त्यातून पुढे 'एचआयसी' म्हणजे डोक्याच्या इजेचा निकष तयार झाला. क्रीडांगणात तो असा वापरतात: ४.६ किलोचा धातूचा अर्धगोल, आत वेगबदल मोजणारं यंत्र, आणि तो खेळण्याच्या उंचीवरून खाली सोडायचा. आकडा १००० च्या आत आणि झटका २०० जी च्या आत राहिला तर जमीन पास. १००० च्या आत म्हणजे धोका शून्य, असा मात्र त्याचा अर्थ नाही. शिवाय मापाचा पाया प्रौढांच्या कवटीचा आहे, आणि हे माप फक्त डोक्याचं आहे. हात मोडणार की नाही, याबद्दल ते काहीच बोलत नाही.

मग रबर कुठून आलं? त्याचे दोन धागे आहेत. पहिला घोड्यांचा. थ्रीएम कंपनीचे विल्यम मॅकनाइट घोड्यांचे शौकीन. कंपनीने पॉलियुरेथेनची 'टार्टन' ही जमीन बनवली आणि १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शर्यतीच्या मैदानात ती अंथरली. घोड्यांपेक्षा ती माणसांना जास्त मानवली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये धावपटू टार्टनवरच धावले. जागेवर ओतून, पसरून जमीन करता येते हे जगाने तिथे पाहिलं.

दुसरा धागा टायरचा. गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ केलं. हे रबर पुन्हा वितळत नाही, हाच त्याचा गुण आणि हीच अडचण. जुन्या टायरचं करायचं काय? फेब्रुवारी १९९० मध्ये कॅनडातल्या हॅगर्सव्हिल इथे लाखो टायरांचा ढीग पेटला आणि १७ दिवस जळत राहिला. वितळत नाही तर चुरा करा आणि चिकटवा, हा मार्ग उरला. त्याच वर्षी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. वाळूत व्हीलचेअरची चाकं रुततात, रबरावर नाही. माझ्या मते या जमिनीच्या बाजूचं हे सर्वांत भक्कम कारण आहे, आणि आपल्याकडे जाहिरातीत नेमकं तेच नसतं.

ती घालतात कशी तेही पाहू. खाली उतार दिलेलं काँक्रीट किंवा ठोकून बसवलेली खडी. त्यावर टायरचा काळा चुरा पॉलियुरेथेनच्या बाइंडरमध्ये कालवून थापीने पसरतात. झटका झेलतो तो हाच थर. वरचा रंगीत ईपीडीएमचा थर साधारण १२ मिलिमीटरचा, तो झीज सोसतो आणि दिसतो. काळ्या थराची जाडी खेळण्याच्या उंचीवर ठरायला हवी. फसवणूक होते ती इथेच. काँक्रीटवर नुसता रंगीत थर, नाहीतर पातळ टाइल टाकली तरी फोटोत तशीच दिसते.

बाइंडर हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. म्हणून दिल्लीच्या कोरड्या थंडीत तो रेंगाळतो, आणि कोकणातल्या पावसात घाईने फसफसून बुडबुडे धरतो. स्वस्त बाइंडर उन्हात पिवळा पडतो. निळी जमीन काही महिन्यांत हिरवट दिसली तर रंग खोटा होता असं नाही, वरचा बाइंडर पिवळला आहे.

विरोधी बाजूही ऐकायला हवी. ब्रिटनमध्ये डेव्हिड बॉल यांनी २००२ च्या अहवालात विचारलं की क्रीडांगणात मृत्यू मुळात अगदी विरळा, मग या जमिनींवरचा एवढा खर्च आकड्यांत दिसतो कुठे? टोरांटोच्या शाळांत तर चिठ्ठ्या टाकून काही आवारांत वाळू आणि काहींत लाकडाचा भुसा घातला. २००९ मध्ये निकाल आला: भुशावर पडून हात मोडण्याचा धोका वाळूच्या जवळजवळ पाचपट. वाळूवर हात सरकतो, भुशावर तो अडकतो, असा त्याचा खुलासा दिला गेला. रबर त्या चाचणीत नव्हतं, पण त्याचीही पकड घट्ट असते, हे विसरू नये. १८८५ ची वाळू अजून हरलेली नाही. तिला फक्त रोज उकरणारा, मांजरं हाकलणारा माणूस लागतो.

रबरालाही माणूस लागतो, आणि 'मेंटेनन्स फ्री' या शब्दाखाली तोच कापला जातो. झोपाळ्याच्या पायाशी आणि घसरगुंडीच्या तोंडाशी झीज सर्वांत आधी होते. मूठभर रंगीत दाणे सुटलेले दिसले की बाइंडर थकला समजा. दर दोन-तीन वर्षांनी वरून पातळ बाइंडरचा हात फिरवला तर जमीन टिकते. छिद्रांत धूळ-वाळू भरली की पाणीही मुरत नाही आणि दाबही झेलला जात नाही, म्हणून झाडणं चुकवू नका. खड्डा पडला तर चौकोन कापून थेट तळापर्यंत काढायचा, कडांना प्रायमर लावायचा आणि मग भरायचं. ठिगळाचा रंग जुळणार नाही, तो जुळू नये. एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी पायाला चटका बसतो, तेव्हा वर सावली हवीच, झाडाची असेल तर उत्तम.

आपल्या देशात जुलै २०२२ पासून टायर बनवणाऱ्यांवर जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. त्यामुळे चुरा मिळेल, कंत्राटदारही भरपूर येतील. सोसायटीच्या सभेत त्यांना तीन गोष्टी लेखी मागा. आमच्या घसरगुंडीच्या उंचीला काळा थर किती जाडीचा? जागेवर अर्धगोल टाकून चाचणी कोण करणार? आणि दोन वर्षांनी ती पुन्हा कधी? जमीन जुनी होते तशी कडक होत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशीचं प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी पडलेल्या मुलाच्या कामाचं नाही.