उजनीच्या गाळपेरीतील तटपक्षी

भीमेच्या खोऱ्यातील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय मोजदाद ज्या दफ्तरातून झाली, ते दफ्तर मुळात पक्ष्यांसाठी उघडलेले नव्हते. पेशवाई बुडाल्यावर हाती आलेल्या दख्खनच्या मुलखाची जमीन, माणसे, पिके व हवामान यांची माहिती गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. आणि त्याने महसुली आकड्यांच्या जोडीने दोनशेंहून अधिक पक्ष्यांची जी सूची सिद्ध केली, ती १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेकडून प्रसिद्ध झाली. पुढे १८७८ मध्ये डेव्हिडसन व वेंडन यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आली. या सूच्या चाळताना एवढे ध्यानी ठेवावे लागते की, त्यांच्या कर्त्यांच्या काळची भीमा ही मोकळी, उन्हाळ्यात आटणारी नदी होती. पाणी ओसरले की पात्रात वाळूची बेटे उघडी पडत, आणि असल्या उघड्या वाळूवरच नदी सुरय व पाणभिंगऱ्या अंडी घालतात.

आज उजनी जलाशयाच्या काठच्या भिगवणच्या आसमंतात तटपक्षी शोधावयास जो जातो, तो त्या नदीच्या काठी जातच नाही. माढे तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पुरे झाले, आणि त्याच्या यशवंतसागर या जलाशयाच्या पाण्याखाली इंदापूर-करमाळ्याकडील कित्येक मौजे, त्यांच्या काळ्याभोर जमिनी, घाट व देवळे गेली. त्यांपैकी पळसदेवचे जुने मंदिर पाणी खाली गेल्यावाचून पुरते दिसत नाही. ज्यांच्या वतनाच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या दुःखाची किंमत पक्ष्यांच्या थव्यांनी चुकती होत नाही, हे या तळ्याचे गुणगान करणाऱ्याने आधी मान्य केले पाहिजे.

या तळ्याचा काठ स्थिर नाही, आणि दुर्मिळ पक्ष्याचा सारा शोध या अस्थैर्यावर अवलंबून आहे. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठविणाऱ्या या जलाशयात निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. तरी कालव्यांना व नदीत पाणी सुटू लागले की कडा मागे सरते, आणि दुष्काळी वर्षी पातळी 'उणे', म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, जाते. चांगल्या पावसानंतर तळे तुडुंब असते, तेव्हा उत्तरेकडून आलेल्या टिलव्या-तुतवारांना पाय टेकण्याजोगा चिखल फारसा मिळत नाही. पुढे पाणी उतरू लागले, की ओलसर गाळाचा एक अरुंद पट्टा उघडा होतो, आणि त्यातल्या किड्यांवर शेकाट्या, चिखल्या व टिलवे तुटून पडतात. हा पट्टा वाळला की निरुपयोगी. पाण्याबरोबर तो रोज नवा होत पुढे सरकतो. म्हणून काल जेथे थवा होता तेथे आज जाणारा रिकाम्या हाती परततो, आणि पाण्याची चाल ओळखणारा नावेवरचा भोई त्याच्यापेक्षा अधिक जाणता ठरतो. शेकडो छोट्या टिलव्यांमध्ये त्यांच्या काळ्या पायांऐवजी पिवळसर पायांचा टेमिंकचा टिलवा हुडकणे, किंवा शेकाट्यांच्या गर्दीत वर वळलेल्या चोचीचा उचाट्या दिसणे, यासाठी संथपणे, एकेक पक्षी न्याहाळीत, सूर्य पाठीशी घेऊन चालावे लागते.

याच उघड्या पडणाऱ्या जमिनीला लोक गाळपेर म्हणतात आणि तीत पीक घेतात. पाणी मागे हटताच तेथे नांगर येतो. जेथे चिखल्यांनी नुसत्या खळग्यात अंडी घातली असतील, तेथेच गुरे उतरतात. दोघांचीही गरज खरी आहे, आणि कुणाला हुसकावून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. मात्र पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्यांनी नुसते नाव, संख्या व तारीख लिहून थांबू नये. त्या दिवशीची जलाशयाची पातळी आणि गाळपेर कोठवर पेरली गेली होती, हेही टिपून ठेवावे. साइक्सने जमीन, पाऊस आणि पक्षी एकाच कामगिरीत पाहिले होते; उजनीच्या काठाची हकीगत अशाच जोडनोंदींवाचून पुढच्या अभ्यासकाला उलगडणार नाही.