डांबराचा एक हात

ज्याला स्कूटर परवडत नाही त्याने स्पीडबोटीचा इतिहास वाचू नये, असे आमच्या घरातले स्वच्छ मत आहे. तरी मी तो वाचला. आणि ऐकवणार कोणाला, तर भाटघरच्या नावाडीमामांना! मे महिना होता. धरणाचे पाणी खूप खाली गेलेले. मामा काठावर होडी पालथी घालून तिच्या बुडाला डांबर फाशीत होते.

"मामा, इटलीत इझेओ नावाचं तळं आहे. काठावर सार्निको गाव. १८४२ साली वादळात कोळ्यांच्या होड्या फुटल्या. पिएत्रो रिव्हा नावाच्या तरुणानं त्या दुरुस्त करून दिल्या. तिथून रिव्हांचा धंदा उभा राहिला, असं सांगतात."

"मंजी डागडुजीपास्नं!" मामांची मान पहिल्यांदाच वर झाली.

मग मी रंगात आलो. पिएत्रोचा मुलगा एर्नेस्तो, त्याने बोटीला इंजिन बसवले. नातू सेराफिनो शर्यतीच्या बोटींच्या नादी लागला. पणतू कार्लो म्हणाला, शर्यती पुरे, हौशी श्रीमंतांसाठी देखण्या बोटी करू. झाले! बापलेकांचे वाजले. पण पोरगा खरा ठरला. १९६२ साली त्याने 'अक्वारामा' पाण्यात सोडली. महोगनीचे अंग, व्हार्निशचे हातावर हात, दोन इंजिने आणि ताशी ७० किलोमीटरच्या वर वेग. सोफिया लॉरेनसुद्धा रिव्हाच्या बोटीतून फिरली.

"महोगनी ऱ्हाऊ द्या. सागाचं काय?" मामांनी विचारले.

सागाची अब्रू राखणे मला भागच होते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे, हे मी सांगितले. मामा असे खूश झाले की जणू साग त्यांच्याच बांधावरचा.

"आन् ती इटलीची?"

"लाकडी अक्वारामा १९९६ साली बंद झाली. आता फायबर. त्याला दरसाल व्हार्निश नको, काही नको."

मामा गप्प झाले. ब्रश डब्यात तसाच राहिला.

"आमचा बी कार्लो पुण्याला हाय," ते हळूच म्हणाले. "त्यो बी हेच म्हन्तो. फायबरची घ्या, न्हाईतर इकून टाका."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मामांनी डांबराचा डबा माझ्याकडे सरकवला. "तुमी एक हात मारा, सायेब. मंग बोलू."

मारला. पँट कायमची गेली. घरी या इतिहासाचे जे स्वागत झाले ते सांगण्यासारखे नाही. पण भाटघरच्या पाण्यात तरंगणाऱ्या एका होडीचा वीतभर तळ आज माझा आहे. मामांचे उत्तर मात्र अजून यायचे आहे.