पेयजलातील औषधावशेषांचे निर्मूलन

पोटात गेलेल्या औषधाचा काही अंश मूत्रावाटे सांडपाण्यात आणि तेथून जलस्रोतांत पोहोचतो. बर्लिनच्या नळाच्या पाण्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी क्लोफिब्रिक आम्ल सापडले. ते रक्तातील मेद कमी करणाऱ्या औषधांपासून बनते. मात्रा लिटरला नॅनोग्रॅममध्ये मोजण्याइतकी अल्प. वाळूच्या गाळण्या मुख्यतः गढूळपणासाठी असल्याने असे विरघळलेले रेणू बरेचसे निसटतात. पाणी उकळणे तर येथे जवळजवळ निरुपयोगीच. ओझोन कार्बामाझेपिन व डायक्लोफिनॅक ही औषधे झपाट्याने मोडतो, परंतु क्ष-किरण तपासणीतील आयोडीनयुक्त द्रव्ये त्याला फारशी दाद देत नाहीत. शिवाय मोडलेले तुकडे पाण्यातच उरतात, म्हणून ओझोननंतर सक्रिय कार्बनाचा थर ठेवतात. व्युत्क्रमी परासरणाने बहुतेक अवशेष अडतात. मात्र ते नाहीसे न होता टाकाऊ पाण्यात साठतात. स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक सांडपाणी केंद्रांनाच असे अवशेष काढणारी जादा प्रक्रिया बंधनकारक केली.