पोर्ट क्रमांक २२ : एक इतिहास

लिनक्स संगणकावर सुरक्षित फाइल-प्रेषणासाठी सामान्यतः २२ क्रमांकाचे एकच पोर्ट खुले ठेवले जाते. या साध्या व्यवस्थेमागे जुन्या पद्धतीच्या उणिवांचा इतिहास आहे. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या नियमावलीतून एफ.टी.पी. ही पद्धती विकसित झाली. १९८५ च्या तिच्या मानक रूपात आज्ञांसाठी २१ क्रमांकाचे पोर्ट होते. फाइलींसाठी मात्र दुसरी जोडणी, तीही पुष्कळदा बदलत्या पोर्टावर, करावी लागे. परवलीचा शब्द तर उघड्या अक्षरांतच जाई. परस्परविश्वासाने बांधलेल्या मोजक्या संस्थांच्या जाळ्यात हे निभावले.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एस.एस.एच. ही कूटबद्ध पद्धती रचली. एफ.टी.पी.चे २१ व टेलनेटचे २३ यांमधील रिकामा क्रमांक त्यांनी मागितला आणि तो त्यांना मिळाला. पुढे एस.एफ.टी.पी.मध्ये आज्ञा व फाइली याच एका जोडणीतून जाऊ लागल्या. फायरवॉलमध्ये अनेक पोर्टे खुली ठेवण्याचे कारण उरले नाही.

२२ ऐवजी अन्य क्रमांक योजण्याचाही प्रघात आहे. त्याने स्वयंचलित चाचपणी कमी होते, इतकेच. खरे संरक्षण कूटबंधनावर आणि खाजगी किल्लीच्या जपणुकीवर अवलंबून असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.