मोतीबिंदू पिकतो, काचबिंदू नाही

आमची आई शेवटची काही वर्षं भिंत चाचपत चालायची. नजर कमी होऊ लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केलं, मोतीबिंदू! "पिकू दे, मग काढू," असं म्हणत आम्ही थांबलो. त्या काळी तशीच रीत होती. शेवटी तालुक्याच्या गावी शिबिरात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे आणि यात गेलेली नजर परत येत नाही. आम्ही कशाच्या पिकण्याची वाट बघत होतो ते तेव्हा कळलं.

आता तोच काचबिंदू माझ्याकडे आलाय. रोज रात्री थेंब घालते आणि सहा महिन्यांनी 'फील्ड टेस्ट' देते. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, मध्ये बघत राहायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, त्याची ही परतफेड!

परवा भाचा म्हणाला, "मावशी, तुझी नजर पुढे कुठे आणि किती कमी होईल ते एआय सांगू शकतं म्हणे. तुला जाणून घ्यायचंय का?" मी एकदम गप्प झाले. पण इतिहासाच्या बाईंना कुणी भविष्य विचारलं तर त्या आधी मागेच वळून बघणार.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचं साधन जगापुढे आणलं. बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी त्यातून काचबिंदूच्या रुग्णांची नस पाहिली आणि ती फुगलेली आहे असं लिहिलं. प्रत्यक्षात तिथे खड्डा होता! ही चूक त्यांनी लवकरच सुधारली आणि अचानक उसळणाऱ्या काचबिंदूवर १८५७ मध्ये शस्त्रक्रियाही सांगितली. साधन हाती आलं तरी काय दिसतंय ते समजायला वेळ लागतो, हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे १८८९ मध्ये कोपनहेगनच्या ब्येरुम यांनी आपल्या खोलीच्या दाराची मागची बाजू फळ्यासारखी वापरली. तिच्यावर लहानशी पांढरी वस्तू फिरवून रुग्णाला कुठे दिसत नाही ते ते नोंदवत. काचबिंदूत नजर कमानीच्या आकारात जाते हे त्यांना तिथे सापडलं. बर्नच्या गोल्डमन यांनी १९४५ मध्ये वाडग्याचं यंत्र बनवलं आणि सत्तरच्या दशकात त्याला संगणक जोडले गेले. मी हनुवटी टेकवते ते यंत्र म्हणजे त्या दाराचं पणतवंडच म्हणायचं.

संगणक आला आणि नोंदी साठू लागल्या. १९९४ मध्ये सॅन डिएगोच्या गोल्डबॉम यांच्या गटाने दाखवलं की शिकवलेलं 'न्यूरल नेटवर्क' या नोंदी जाणकारांइतक्याच चांगल्या वाचू शकतं. पण ते होतं आज काय आहे याचं वाचन. उद्याचा अंदाज ही पुढची पायरी. २००२ मध्ये अमेरिकेत १,६३६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांच्या डोळ्यांत दाब जास्त होता, पण काचबिंदू नव्हता. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना तो झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. वय, दाब, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची जाडी अशा गोष्टींवरून धोका मोजता येतो हेही त्यातून पुढे आलं.

मग २०१९ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी १९९८ ते २०१८ या काळातल्या ३२,४४३ फील्ड टेस्ट संगणकाला शिकवणीसाठी दिल्या. एकाच तपासणीवरून पुढच्या साडेपाच वर्षांपर्यंतचा नकाशा कसा असेल याचा अंदाज तो बांधू लागला.

हे वाचलं आणि मला हसू आलं. हा तर इतिहासच की! कुणाकुणाच्या डोळ्यांत काय घडलं ते वाचून माझ्या डोळ्यांत काय घडेल ते सांगायचं. वर्गात मी मुलांना बजावायचे, इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडत नाही. सिएटलच्या दवाखान्यात आलेली माणसं वेगळी, मी वेगळी. त्यातल्या कुणी थेंब नेमाने घातले, कुणी टाळले. ते सगळं त्या नकाशांत दिसेलच असं नाही.

तरीही भाच्याला मी "हो" म्हणाले. माझ्या डॉक्टरांकडे असं काही नाही, पण कधी आलं तर मला बघायचंय. ज्योतिष्याचं भाकीत खरं ठरलं तर त्याचा मान वाढतो. इथे उलट आहे. वाईट अंदाज आधी कळावा, उपचार वाढवावेत आणि तो अंदाज खोटा पडावा, यातच त्याचं सार्थक. आईला ही संधी मिळाली नाही. तिच्या वाट्याला नुसती वाट पाहणं आलं.

असो. हे लिहिण्यामागे माझा स्वार्थ आहे. काचबिंदू घराण्यात असला तर सख्ख्या नात्यात धोका वाढतो आणि सुरुवातीला बहुतेकांना काही दुखत-खुपत नाही. तेव्हा दादा, ताई आणि पोरांनो, एआयची वाट बघू नका. या महिन्यात डोळे तपासून या आणि मला फोन करून सांगा. वाट बघण्याची चूक आपल्या घरात एकदा झाली, तेवढी पुरे.