प्रेरित मत्स्यप्रजननाचा इतिहास आणि जलतापमान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वैराग परिसर हा अवर्षणप्रवण प्रदेश. येथील तलावांत सोडले जाणारे कटला, रोहू व मृगळ हे मासे मुळात वाहत्या नदीत प्रजनन करणारे आहेत. साठलेल्या पाण्यात त्यांची मादी सहसा अंडी घालत नाही. त्यामुळे मत्स्यबीज बाहेरून आणावे लागते. हे बीज संप्रेरकाच्या इंजेक्शनद्वारे निर्माण होते. या तंत्राचा इतिहास सामान्यतः ‘संप्रेरकाने ऋतूवर मिळविलेला विजय’ असा मांडला जातो. हे आकलन कितपत ग्राह्य आहे, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) भारतातील प्रेरित मत्स्यप्रजननाच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२) मादी माशांच्या प्रजनन संप्रेरकांवरील जलतापमानाचा परिणाम स्पष्ट करणे.

विषय विवेचन :
पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा केले जाई. बंगालमधील बांकुरा व मेदिनीपूर भागात पावसाळी बांधांत मासे प्रजनन करीत. पुराचे पाणी आले की अंडी मिळतात, हे तेथील मच्छीमारांना अनुभवाने ज्ञात होते. १९३० च्या दशकात ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले. त्याच दशकात हमीद खान यांनी सस्तन प्राण्यांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क वापरून मृगळ माशावर प्रयत्न केला. निर्णायक यश मात्र १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांना लाभले. या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

येथे जुलै महिना अर्थपूर्ण ठरतो. इंजेक्शनमुळे नदीच्या पुराची गरज उरली नाही. परंतु ऋतूची उरली. वसंतात पाणी तापू लागताच मादीच्या मेंदूतील अधश्चेतक व पीयूष ग्रंथी क्रियाशील होतात. अंडाशयातून इस्ट्रॅडिओल स्रवते. त्याच्या प्रभावाने यकृत व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार करते आणि अंड्यात पीतकाचा संचय होतो. ही पूर्वतयारी काही महिन्यांची असते. इंजेक्शन केवळ अखेरचा टप्पा, म्हणजे अंड्यांची अंतिम परिपक्वता व अंडमोचन, घडविते. तोही साधारणतः २४ ते ३१ अंश सेल्सिअस तापमानातच यशस्वी होतो. म्हणूनच मत्स्यबीज केंद्रांवर ढगाळ व थंड हवेचा दिवस निवडण्याचा प्रघात पडला. १९८० च्या दशकानंतर कृत्रिम संप्रेरके उपलब्ध झाली. ग्रंथी गोळा करण्याचे कष्ट त्यामुळे वाचले. तापमानाची अट मात्र कायम राहिली.

अतिउष्णतेचा परिणाम याच्या उलट होतो. टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडिओलमध्ये रूपांतर करणारे अ‍ॅरोमॅटेझ हे विकर मंदावते. टास्मानियातील सॅमन माशांवरील प्रयोगांत १४ अंशांच्या तुलनेत २२ अंश तापमानातील माद्यांत इस्ट्रॅडिओल व व्हायटेलोजेनिन घटल्याचे आढळले. सॅमन हा शीत जलातील मासा असल्याने हे आकडे आपल्या माशांना लागू पडत नाहीत. परंतु सर्व अस्थिमत्स्यांतील संप्रेरकांची ही साखळी मूलतः समान आहे. भारतातही केंद्रीय आंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासात बंगालमधील मत्स्यबीज केंद्रांवरील प्रजननकाळ अलीकडे सरकून मार्चपासूनच सुरू होत असल्याचे नोंदले गेले. पाणी लवकर तापल्याने हंगाम लांबतो, हा लाभ वाटतो; तथापि मर्यादेपलीकडील उष्णता तोच लाभ हिरावून घेऊ शकते.

निष्कर्ष :
१) प्रेरित प्रजननाने पुराला पर्याय दिला, तापमानाला नाही.
२) बांधावरील मच्छीमारांचे ऋतुज्ञान आणि प्रयोगशाळेतील संप्रेरकशास्त्र परस्परपूरक आहेत.
३) सोलापूर जिल्ह्यात उन्हाळी हवामान चाळीस अंशांपलीकडे जाते आणि उथळ तलाव झपाट्याने तापतात. अशा ठिकाणी प्रजननक्षम माद्या सांभाळावयाच्या असल्यास खोल व सावलीचे पाणी आवश्यक ठरते. स्थानिक जलाशयांच्या तापमानाची नियमित नोंद महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी ठेवल्यास ती पुढील अभ्यासकांसाठी मोलाचे इतिहाससाधन होईल.